जिरेनियमचं पाणी

बोरगावात माझ्याएवढं तिखट नाक कुणाला नाही, हे आधीच सांगून टाकते. यमुना फुशारकी मारते असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू द्या. मारते. संत्र्याच्या ढिगात एकच फळ आतून सडलेलं असलं तरी मी चार हातांवरून सांगते, आणि आजवर एकदाही चुकलेली नाही.

या नाकापायीच अरविंद सरांनी मला भट्टीवर घेतलं. सर सौंसरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि बोरगावात त्यांची वडिलांपासूनची संत्र्याची बाग होती. शहाऐंशीच्या हिवाळ्यात त्यांनी लखनऊहून जिरेनियमची कलमं आणली. सोबत तिथले एक साहेब आले होते. ते बांधावर उभं राहून सांगून गेले की या झाडाचं तेल साबणात, अगरबत्तीत, जर्द्यात, अत्तरात सगळीकडे लागतं. गुलाबाचं अत्तर महाग पडतं, तिथे हेच गुलाबाच्या जागी चालवतात. दोन एकरांत आम्ही बायकांनी ती कलमं लावली. झाडाला बारीक गुलाबी फुलं आली तेव्हा माझ्या शेजारच्या कमलने एक फूल तोडून हुंगलं.

"व माय, याले त कायचाच वास नाई!" ती म्हणाली.

मी एक पान चुरगळून तिच्या नाकाखाली धरलं. गुलाब, आणि गुलाबाच्या मागे थोडा पुदिना. सगळा वास पानात होता. कमल दिवसभर हाताचा वास घेत निंदत होती.

एप्रिलात पाला कापायला आला आणि भट्टी लागली. भट्टी म्हणजे काय, तर एक माणूस उभा मावेल एवढी लोखंडी टाकी. तळाला पाणी, पाण्यावर जाळी, जाळीवर थोडा सुकवलेला पाला दाबून भरायचा, झाकण घट्ट आवळायचं आणि खालून जाळ करायचा. पाल्यातली वाफ नळीतून निघते. ती नळी सिमेंटच्या हौदातून वेटोळे घेत जाते. हौदात पाणी असतं, त्यात वाफेचं पाणी होतं आणि ते पलीकडे काचेच्या उंच बरणीत पडतं. तेल हलकं असतं, ते वर तरंगतं. खालचं पाणी तोटीनं सोडून द्यायचं. बरणीवर लखनऊच्या साहेबांनी लाल रंगाची एक रेघ मारून ठेवली होती. एका भट्टीचं तेल त्या रेघेपर्यंत यायलाच पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या दिवशी तेल आलं तेव्हा सरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. बरणीतून वास येत होता तो उकडलेल्या पानकोबीचा. जाळ घालणारे गडी नाक धरून लांब गेले. सर म्हणाले, "वाया गेलं सगळं." मी बरणीवर वाकले, डोळे मिटले आणि नीट वास घेतला.

"वाया नाई गेलं सर. कोबी वरवर हाय, मांगं गुलाब हाय. भांडं उघडं ठेवा, कोबी उडून जाईन."

तिसऱ्या दिवशी कोबी गेला आणि खोलीभर गुलाब दरवळला. सरांनी नंतर साहेबांचा कागद काढून पाहिला, तर त्यातही तेच लिहिलं होतं. त्या दिवसापासून भट्टीची किल्ली माझ्या कमरेला आली. मी सातवी पास बाई, माझी सासू जयवंता जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेली. ती किल्ली कमरेला लावून मी गावातून चालायचे तेव्हा मुद्दाम थोडी हळूच चालायचे.

पण तेल लाल रेघेपर्यंत येत नव्हतं. पहिली भट्टी कमी, दुसरी कमी, तिसरीही कमी. पाला तितकाच, जाळ तितकाच, तरी तेल रेघेच्या चार बोटं खाली थांबायचं. सर दर भट्टीला बरणीसमोर उभे राहायचे आणि मान हलवायचे.

आता इथे आमच्या मुलखाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. एप्रिलात विहिरीचं पाणी आधी संत्र्याचं. आंबिया बहाराची फळं सुपारीएवढी झालेली असतात, एक पाळी चुकली की टपाटप गळतात. माणूस तहानलेला राहील, पण झाड राहणार नाही. सर शिकलेले होते, पण आधी संत्रेवाले होते. विजेची लाईन जेमतेम चार तास यायची. ते सकाळी हौद एकदा भरायचे आणि मोटरचं बाकी सगळं पाणी बागेला. दुपारपर्यंत हौदातल्या पाण्यात बोट घालवत नव्हतं. नळीतून पडणारं पाणीही चटका देणारं यायचं. हे मी पाहत होते, पण पाहून गप्प राहिले. सर विज्ञानाचे, त्यांना कळत असेल असं मला वाटलं. ही माझी एकच चूक, ती मी कबूल करते.

तोटीतून निघालेलं पाणी सरांनी आम्हाला देऊन टाकलं. "हे कामाचं नाही, घेऊन जा, आंघोळीला वापरा," असं ते मोठ्या मनानं म्हणाले. एप्रिलात फुकटचं पाणी कोण सोडतं? आम्ही मडक्यांनी नेलं. पोरांच्या घामोळ्या त्यानं बसल्या. कमलच्या टाचांच्या भेगा भरल्या. अंगणात शिंपडलं की संध्याकाळी डास कमी यायचे. आमच्या वस्तीत, भीमनगरच्या प्रत्येक घरात रांजण भरलेला होता आणि प्रत्येक घराला गुलाबाचा वास होता. सरांच्या बायकोला, नलिनीबाईंनाही, ते पाणी आवडलं. उन्हानं त्यांच्या मानेवर पुरळ यायचं, ते या पाण्यानं थांबलं होतं. भट्टीच्या दिवशी निघताना मी एक हिरवी बाटली भरून सरांच्या पिशवीत ठेवायचे.

मग चौदा एप्रिल आला. जयंतीच्या सकाळी आम्ही बायकांनी विहार धुऊन काढला आणि शेवटचा हात त्या पाण्यानं दिला. खांबांवर, पायऱ्यांवर, मंडपात शिंपडलं. असा सुवास त्या विहाराला कधी आला नव्हता. आम्ही सगळ्या त्याच पाण्यानं न्हालो होतो आणि पांढऱ्या पातळांत पुढच्या रांगेत बसलो होतो.

सर दरवर्षी भाषणाला यायचे. छान बोलायचे. शिक्षण, समता, सगळं सांगायचे. भाषण झालं की आमच्यातलं कुणी पाण्याचा पेला पुढे करायचं आणि सर म्हणायचे, आज पोट जरा बिघडलं आहे. दर चौदा एप्रिलला सरांचं पोट बिघडलेलं असायचं. पण माणूस येतो, बोलतो, म्हणून आम्ही कुणी त्यावर कधी बोललो नव्हतो.

त्या दिवशी सर मंडपात शिरले आणि दारातच थबकले. त्यांनी एकदा श्वास घेतला. परत घेतला. माझ्याकडे पाहिलं. भाषण पाच मिनिटांत संपवून ते निघून गेले. मोतीराम, माझा नवरा, म्हणाला, "आज सरचं पोट खरंच बिघडलं दिसते." आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वावरात गेलो तर सर बांधावर उभे होते. त्यांनी सगळ्या बायकांना एका रांगेत उभं केलं.

"पिशव्या उघडा," ते म्हणाले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कमलने पिशवी उघडली. भाकर, कांदा, विळा. पुढची. भाकर, ठेचा, तंबाखूची डबी. सरांनी ती डबीसुद्धा उघडून हुंगली. माझ्या पिशवीत काय असणार? भाकर आणि त्यांचीच किल्ली. त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली.

"तीन भट्ट्यांचं तेल कमी आलं, यमुना. अन् काल तुमचा विहार, तुमची घरं, तुमची डोकी, सगळं घमघमून राहिलं होतं. टाकाऊ पाण्याचा वास एवढा नसते. पाण्यात तेल असल्याशिवाय असा वास येतच नाही."

"सर, आमी तुमच्या तेलाले हात नाई लावला."

"मग ते गेलं कुठं? मी पोलिसात जात नाही, तुझ्या पोरांकडे पाहून. पण उद्यापासून भट्टीवर येऊ नको. तुमच्यापैकी कोणीच येऊ नका."

चौदा बायका मान खाली घालून परत आल्या. गावाच्या चौकातून आलो. चहाच्या टपरीवर बसलेले लोक गप्प झाले, म्हणजे बातमी आमच्या आधी पोचली होती. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला होता की रडायला जागाच उरली नव्हती. घर आम्ही कसंही चालवलं असतं. सौंसरला, रामाकोन्याला, कुठेही निंदायला गेलो असतो. पण चोर म्हणून गेलो असतो, आणि हे मला मरेपर्यंत चालणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी उठले तर माझी सासू रांजणापाशी उकिडवी बसलेली. हातात कोंबडीचं पीस. पीस पाण्यावरून हळूच फिरवायची आणि एका शिशीच्या तोंडावर निथळवायची. डोकेदुखीच्या औषधाची जुनी शिशी होती. तिच्यात बोटभर पिवळं-हिरवं काहीतरी जमलं होतं.

"माय, हे काय करून राहिली?"

"साय काढून राहिली," बुढी शांतपणे म्हणाली. "रातभर रांजण गार होते, सकाळी वर तवंग येते. गुडघ्याले चोळते मी. चार दिस झाले, दुखणं कमी हाय."

मी शिशी नाकाशी नेली. हे पाणी नव्हतं. हे भट्टीतलं, बरणीतलं, लाल रेघेच्या खालचं तेल होतं, आणि ते माझ्या घरात निघालं होतं.

मोतीराम उठून आला. शिशी पाहून त्याचा चेहरा उतरला. "फेकून दे हे. कोणी पायलं त संपलो आपण."

मी खरंच घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण मी शिशी फेकली नाही. मी रांजणाकडे पाहत बसले. गार रांजणावर तेल सुटतं. भट्टीच्या बरणीत का सुटत नाही? कारण तिथे पाणी चटका देणारं. गरम पाण्यात तेल विरघळून बसतं, वर येतच नाही, आणि तोटीतून पाण्यासोबत निघून जातं. सर दर भट्टीला आपल्या हातानं तोटी सोडत होते आणि आपल्या तोंडानं म्हणत होते, हे कामाचं नाही, घेऊन जा. त्यांचं नाक बरोबर होतं. पाण्यात तेल होतंच. ते आम्ही चोरलं नव्हतं, त्यांनीच आम्हाला वाटलं होतं.

मी मोठ्यानं हसले. मोतीरामला वाटलं, बाई कामातून गेली.

पुढची भट्टी रविवारी होती. शनिवारी मी घरोघरी फिरून सांगितलं की त्या पाण्याला आता कुणी हात लावू नका, रांजणात असेल तेवढं उद्या मडक्यात भरा. रविवारी सकाळी आम्ही चौदाजणी निघालो. प्रत्येकीच्या डोक्यावर दोन मडकी, वरच्या मडक्यावर ओलं फडकं. गल्लीबोळातून गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. मी मुद्दाम चौकातून नेलं. सगळ्यात मागून बुढी, हातात शिशी घेऊन.

"काय व यमुना, कुठं चालल्या?" टपरीवरून कुणीतरी विचारलं.

"चोरीचा माल वापस कराले," मी म्हटलं आणि थांबले नाही.

सर भट्टीपाशी होते. आज जाळ घालायला दोन नवे गडी आणले होते. टाकीत जाळीवर पाला भरून झाला होता. आम्हाला पाहून सर पुढे आले.

"तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं."

बुढीनं शिशी त्यांच्या हातात ठेवली. सरांनी बूच काढलं, हुंगलं, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "हेच! हेच तेल! म्हणजे होतं तुमच्याच घरात!"

"हाव, होतं," मी म्हटलं. "अन् या समद्या मडक्यांत हाय. तुमीच देल्लं. आता मी सांगतो तसं एक भट्टी चालवा. रेघेपर्यंत तेल आलं नाई, त तुमी नका जाऊ, मी सोता पोलिसात जातो."

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. हौद गरम, पाणी गरम, तेल विरघळलेलं. सरांनी एक फडकं उचललं आणि मडक्यात पाहिलं. सकाळच्या गारव्यात पाण्यावर तवंग लख्ख दिसत होता. विज्ञानाचा माणूस, समजायला वेळ लागला नाही. पण समजलं म्हणून पटलं असं थोडंच असतं?

"हौद गार ठेवायचा म्हणजे मोटर दिवसभर हौदावर लावायची. अन् माझी झाडं? फळ गळून जाईल."

"पाणी का हौद पिऊन टाकते?" मी म्हटलं. "वरून आत सोडा, खालून बायेर काढा, अन् तोच पाट बागेले जोडा. हौदातून झाडाले. झाडापर्यंत जाता जाता गारच होते ते."

वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखे सर हौदाकडे पाहत होते. मग त्यांनी स्वतः जाऊन मोटर सुरू केली.

"अन् टाकीच्या तळाले विहिरीचं पाणी घालू नका," मी म्हटलं. "आमच्या मडक्यातलं घाला. म्हंजे त्यातलं तेल बी सुटून येईन."

इथे सर थोडे घुटमळले. मी सगळं पाहते, तेही पाहिलं. आमच्या घरांतलं, आमच्या रांजणांतलं पाणी त्यांच्या टाकीत जाणार होतं. मी कमलला खूण केली आणि पहिलं मडकं मीच ओतलं. त्यांनी मला अडवलं नाही. बावीस मडकी रिकामी झाली तेव्हा तळ भरला. सहा मडकी उरली, ती दुसऱ्या भट्टीसाठी सावलीत ठेवली.

जाळ लागला. लाईन त्या दिवशी आमच्या बाजूची होती, गेली नाही. हौदात पाणी खळखळत येत होतं आणि कोमट होऊन पाटानं संत्र्याकडे जात होतं. तासाभरानं नळीतून धार सुरू झाली. मी हात धरला. गार. सरांनी हात धरला आणि काढलाच नाही.

पहिल्या तासात तेल बोटभर चढलं. दुसऱ्या तासात नेहमी थांबायचं तिथे आलं. सगळ्या बायका बरणीभोवती बसल्या होत्या. मी मात्र पाठ फिरवून भाकर खात होते. मला पाहायची गरज नव्हती, वासावरून कळत होतं. कोबी असा दणकून उठला होता की तेल भरपूर आलं हे आंधळ्यालाही सांगता आलं असतं.

"रेघ गेली!" कमल ओरडली. "व माय, रेघ खाली गेली!"

तेल लाल रेघेच्या दोन बोटं वर उभं होतं. बायका हसत होत्या, रडत होत्या, दोन्ही एकदम चाललं होतं. बुढीनं सरांकडून आपली शिशी परत घेतली, कारण तिचे गुडघे अजून पूर्ण बरे झाले नव्हते. सर खाली मान घालून उभे होते. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर धरली.

मी घेतली नाही.

"सर, आता तुमची पिशवी उघडा."

"माझी?"

"आमी समद्यांनी उघडली होती. इथंच, याच बांधावर."

पिशवी आंब्याच्या फांदीला टांगलेली होती. सर गेले, पिशवी घेऊन आले आणि आमच्यासमोर उघडली. डबा निघाला, शाळेचे पेपर निघाले, आणि तळातून ती हिरवी बाटली निघाली, नलिनीबाईंची. मी भट्टीवर नव्हते म्हणून बाटली गेल्या खेपेची, अर्धी उरलेली, परत भरून न्यायला आणलेली. मी बूच काढून सरांच्या नाकाशी धरलं.

"तुमच्या घरी बी हाच वास हाय, सर. पंधरा दिसांपासून हाय. तवा तुमाले चोरी नाई आठवली?"

चौदा बायका, दोन गडी आणि म्हातारी, सगळे त्यांच्याकडे पाहत होते. सर चांगले बोलणारे होते, पण त्या दिवशी त्यांना भाषण सुचलं नाही.

"चुकलो, यमुनाबाई," ते म्हणाले. "तुम्हा सगळ्यांचाच मी गुन्हेगार आहे." आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाईपर्यंत पोचला.

मग ते सावलीत गेले. उरलेल्या सहा मडक्यांपैकी माझं मडकं उघडून त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. फडकं नीट झाकलं. दुसऱ्या भट्टीसाठी ते मडकं त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी उचललं आणि पोटाशी धरून टाकीकडे निघाले. पाणी हिंदकळून त्यांचा सदरा भिजला, तरी त्यांनी मडकं खाली ठेवलं नाही.

मी किल्ली कमरेला लावली.

"जपून, सर," मी म्हटलं. "तेल हाय त्यात."